वड्याच्या भोकातला दोरा

माझी नात चंद्रपूरकडच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधते. समोरून जनावर गेलं की कॅमेरा आपला आपण फोटो काढतो, आणि ही बया आठवडाभर तिकडे फिरकतही नाही. "आपली चाहूल लागली की जनावर नेहमीसारखं वागत नाही, आजी," असं तिनं मला समजावलं. मी मान डोलावली. एवढी अक्कल मला एकोणिसाव्या वर्षी, परळच्या चाळीच्या गच्चीवर यायला हवी होती. आली नाही, कारण तेव्हा मला सगळंच येत होतं.

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम होती. चाळीतल्या बायका पोळपाट-लाटणं टाकून मोर्चाला जायच्या, आणि मी, चाळीतली एकुलती एक कॉलेजकन्या, गच्चीवर कावळ्यांचा अभ्यास करायची. आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं, परदेशात जनावरांच्या वाटेवर दोरी ताणून ठेवतात. वाघाचा पाय लागला की खटका पडतो आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढतो. झालं! मामाचा डबा कॅमेरा मागून आणला, गच्चीतल्या पाण्याच्या टाकीखाली गोणपाटात दडवला, खटक्याला आईच्या शिवणाच्या रिळाचा दोरा बांधला आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाव. वाघ नव्हता, म्हणून कावळा.

पहिल्या रोलात मिळाली एक शेपटी, एक मांजर आणि वाळत घातलेलं कुणाचं तरी लुगडं. पुढे पुढे तर कावळे फिरकेनातच. खटक्याच्या आवाजाला आणि दोऱ्याला ते बिचकलेत, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी वहीत लिहिलं, 'घोषणा व लाउडस्पीकर यांमुळे परळमधील कावळ्यांचे स्थलांतर.' खाली रेघ मारली. दोनदा.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काकी राहायची. मालवणकडची, गिरणीत वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला जायची. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं. मूलबाळ नाही. खोली नवऱ्याच्या नावावर, आणि लालबागेतल्या धाकट्या दिरानं सांगून ठेवलं होतं, वर्षश्राद्ध झालं की वहिनीनं गावी जायचं, खोली तो घेणार. गावी तिचं होतं कोण? पण मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला दिसत होती फक्त वाडी.

वाडी म्हणजे श्राद्धाला कावळ्यासाठी केळीच्या पानावर वाढून ठेवतात ती. कावळा शिवला की गेलेला माणूस तृप्त. नाही शिवला, तर त्याची काहीतरी इच्छा राहिलीय. ती ओळखून मोठ्यानं कबूल करायची. तोवर घरात कुणी घास घ्यायचा नाही. पावाला नाक मुरडणारे कावळे वाडीला तरी येतीलच, असा माझा शास्त्रीय हिशोब. "काकी, पान मी नेते वर," म्हणून मी पुढे झाले. केवढी गुणाची पोर! श्राद्धाचे वडे मधे भोक पाडून करतात. कठड्यावर पान ठेवताना त्या भोकातून मी दोरा ओवला, गाठ मारली आणि टाकीमागे जाऊन बसले.

मंडळी वर आली. हात जोडले. कावळे समोरच्या गिरणीच्या छपरावर ओळीनं बसून बघत होते. एक हलेना.

"दादा, गावचं घर शाकारून घेईन," दीर म्हणाला.

नाही.

"देवळात समई देईन."

नाही. काकी पानाच्या अगदी बाजूला, पदर पसरून उभी. ऊन चढलं. काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास जिन्यातून वर येत होता.

"अरे, तुझा भाऊ काय समईला अडलाय?" आमच्या मजल्यावरचे म्हातारबाबा वैतागले. "खरे कावळे येईनात आणि पोटातले गप्प बसेनात! खोलीचं बोल."

"खोलीचं काय बोलायचं? ती घरातच राहील."

"कुणाच्या घरात?" शेजारीण कडाडली. "मुंबई आपली म्हणून रोज बोंबलतोस, मग वहिनीची खोली कुणाची ते बोलायला जीभ का अडते रे?"

दीर घाम पुसत राहिला. मी टाकीमागे काय करत होते? माझ्या दोऱ्यानं एका बाईचं घर जाणार, हे मनात आलं असेल? छे. मी फोटोखाली घालायचं नाव ठरवत होते.

शेवटी भुकेनं दिराचा कणा मोडला. "दादा, खोली वहिनीची. भाड्याची पावती तिच्या नावावर करून देतो. सगळे साक्षीला आहेत."

काकी वाकली, पानापुढे डोकं टेकलं. माझ्या कानाशी खटका पडला. ती मागे सरली आणि थोड्याच वेळात एक कावळा उतरून वडा घेऊन गेला. गच्चीभर उसासे. मी चरफडले. खटका आधीच कसा पडला?

दुपारी काकी आमच्या दारात. एका हातात वाटी, दुसऱ्या हाताच्या बोटाला दोरा गुंडाळलेला.

"ह्यो घे तुझो दोरो. तुका काय वाटला, माका दिसाचो नाय? जल्म सूत बघण्यात गेलो माझो."

"मग आधीच का नाही काढलास?"

"दीर बोलेपर्यंत कित्याक काढू? दोऱ्यार पदर धरून हुभी रवलंय." मग आवाज उतरला. "फोटोत माझो हात इलो असतलो. तो रोल दी."

"काकी, तो पुरावा आहे! कावळे दोऱ्याला घाबरतात याचा. सरांना दाखवायचाय."

"दाखव. मगे तां दिराक कळला काय माझां बोचकां बांधूक तूच ये."

तरीही मी वाद घातला, बरं का. विज्ञान, सत्य, प्रगती, असले तीन-चार शब्द तिच्या तोंडावर फेकले. तिनं ते ऐकूनही घेतले. मग कॅमेरा उचलला, मागचं झाकण उघडलं आणि सबंध रोल गॅलरीच्या उन्हात ओढून काढला.

"आता खा," म्हणाली आणि वाटी पुढे सरकवली.

मी मुसमुसत चार वडे खाल्ले. पुढच्या महिन्याची पावती तिच्या नावानं आली, तिनं चाळभर साखर वाटली. मी घेतली नाही. त्या रोलापायी मी तिच्याशी अबोला धरला होता.