किटली डेअरीला गेलीच न्हाई

माझी विजयमाला मामी उंब्रजला असते. गोठ्यात तीन म्हशी आणि घरात चहा कोरा! हसू नका, आमच्याकडं लय घरांत असंच असतं. दूध सगळं किटलीतनं डेअरीला. एकच पेला घरी राहतो, तो वीरधवलदादाचा, मामीच्या पोराचा. दादा मिलिटरी भरतीची तयारी करतोय ना.

तो पेला मामी करते ते बघत बसावं. रात्री भिजवलेल्या खारका, बिया काढून मिक्सरला वाटायच्या, दुधात घालून मंद गॅसवर उकळायच्या. वर जायफळ, जरासंच. कॉलेजसाठी मी मामीकडंच राहते, रोज त्या वासानंच जाग येते. आणि मामीनं स्वतः ते कधी चाखलंपण नव्हतं!

आता मामीची पोरगी क्रांती पोलीस भरतीसाठी पळायला लागली. दादाच्याच ग्राऊंडवर, दादाएवढंच. घरी आलं की दादाला दूध, तिला कोरा चहा. परवा पोटरीत असा गोळा आला की उंबऱ्यातच बसली. मामी म्हणाली, "आवं, उद्यापास्नं क्रांतीलाबी पेला ठेवायचा."

लालासाहेब मामा किटलीचं झाकण लावत होते. "पोरीला कशाला? ती काय बॉर्डरवर जानाराय?"

"न्हाई. पण तुमास्नी उचलून ठाण्यात न्हेईल."

दादा फिसकन हसला. मामा न्हाई हसले. "दूध डेअरीला जाईल. विषय संपला."

मामीनं किटली उचलून त्यांच्या हातात दिली. मला इतका राग आला तिचा!

दुसऱ्या दिवशी डेअरीची गाडी दारात हॉर्न मारतीय आणि किटली रिकामी! सगळं दूध गॅसवर, पाव्हण्यांच्या मोठ्या पातेल्यात. मामी निवांत ढवळतीय.

मामा ओरडले, "अगं ए, गाडी थांबलीया! काय सांगू त्यास्नी?"

"सांगा, आज घरच्यांनी पिलं."

गाडी गेली. मामीनं पहिला पेला क्रांतीला दिला. मग दादाला, मला. शेजारच्या रंगूबाईलापण हाक मारली. मामा तोंड फुगवून बसलेले, शेवटी त्यांनी हात पुढं केला. मामीनं हातात कप ठेवला.

कोरा चहा.

"उद्यापास्नं आधी घरचे पेले काढायचे, मग झाकण."

मामा कपात बघत बसले. "बरं बाई. काढ दोन."

"दोन न्हाई. तीन."

आणि तिसरा पेला घेऊन मामी उंबऱ्यात बसली, पाय पसरून, सगळ्या गल्लीला दिसंल अशी. सायीसकट प्याली.