एका कंट्रोलरपायी गेलेले तीन उन्हाळे

गुणवंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मूल गावातल्या माझ्या सोलरच्या दुकानात त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर लिहीत होतो. प्रश्न नेहमीचाच, चार्ज कंट्रोलर कोणता घ्यायचा? सावली गावाहून त्यांच्या शेजाऱ्यानं सांगितलं, हृदयविकाराचा झटका आला... उत्तर अर्धंच राहिलं.

आयटीआयत इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवण्यात भाऊंची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी बारा सीटांची गाडी घेतली, सीटा काढून आत पलंग आणि छोटा ओटा केला, टपावर दोन पॅनल चढवले. त्यांच्या बायकोनं, पंचफुलावहिनींनी, सांचीचा स्तूप फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. त्यांना घेऊन तिकडे जायचं, वाटेत गाडीतच मुक्काम करायचा, दिवा आणि पंखा आपल्याच विजेवर, असा बेत. उरला होता तेवढा कंट्रोलर. पॅनल आणि बॅटरीच्या मधला वीतभर डबा, बॅटरीला जास्तीचं चार्ज होऊ न देणारा.

वर्गात चुकीची वायर जोडणाऱ्याला भाऊ तासभर उभं ठेवत. आता स्वतःच्या हातून चूक होईल या धास्तीनं त्यांचा हातच चालेना. साधा, स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर दाखवला की म्हणत, "सागाच्या सावलीत भागन का ह्याच्यानं?" कमी उन्हातही जास्त वीज काढणारा महागडा एमपीपीटी दाखवला की, "उन्हाळ्यात पॅनल तापते, व्होल्टेज पडते. मंग हे महागाचं काऊन घ्याचं बा?" आणि मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं! पण नाही. "पुढं लिथियम बॅटरी टाकली तं हा नाई चालत, भाऊ," असं मीच म्हणालो. झालं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खरं सांगतो, शहाणपण मिरवायला मला हक्काचा माणूस मिळाला होता. असे तीन उन्हाळे गेले. दर उन्हाळ्यात वहिनींनी पिशवी भरली आणि रिकामी केली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात श्रद्धांजली वाहताना कुणीतरी म्हणालं, भाऊ फार चिकित्सक होते. मला उठून ओरडावंसं वाटलं. चिकित्सा कसली, भीती होती ती, आणि तिला खतपाणी मी घातलं. भाऊंचा मला अजून राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त.

गेल्या आठवड्यात मीच एक कंट्रोलर घेऊन सावलीला गेलो. कोणता, ते विचारू नका, हाताला लागला तो उचलला. बसवायला अर्धा तासही लागला नाही. गाडीत दिवा लागला, पंखा फिरला. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"बसला? आता जाते का गाडी सांचीले?"

"गाडी तं डिझलवर चालते, वहिनी. ह्याच्यानं दिवा अन् पंखा चालते फक्त."

त्या पायरीवर टेकल्या. "मूलपर्यंत तं जाये. मले वाटे, लांब जायाले हा डबाच लागते..."

तीन वर्षं मी त्या घरी चहा पीत होतो. वहिनी चहा ठेवून आत जायच्या, आणि आम्ही दोघं व्होल्टेजवर बोलत बसायचो.