तिका सांग

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते. इथे कतारमध्ये मेसईदहून दोह्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये वेळ जावा म्हणून वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून झाल्यावर हसतेही. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाच्या घरात पैंजण वाजतात... मनात म्हणायचे, झोप कमी झाली असेल. आमच्या नाशिकच्या घरात देवपूजा होती, पण भुताखेताची भाषा नव्हती. नवरा इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनियर, त्यामुळे लग्नानंतरही प्रत्येक आवाजाला कुठेतरी वायर असणार असंच ऐकत आले. आज लिहायला बसले आहे तीही मीच. फक्त आता हसू येत नाही.

गोष्ट इथे फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्या वर्षातली आहे. तेव्हा मी दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या एका इंजिनियरिंग कन्सल्टन्सीत डॉक्युमेंट कंट्रोलला होते. नयना आमच्याकडे ड्रेनेज डिझाइनला आली, कॉन्ट्रॅक्टवर. ती मूळची वेंगुर्ल्याजवळची, माझ्याहून बरीच लहान, एकटी राहायची. माझ्याशी पुस्तकी म्हणावं इतकं शुद्ध मराठी बोलायची. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीपाशी बसायचो. खाली सगळीकडे रस्ते खोदलेले असायचे. ती बोट दाखवून सांगायची, ‘तो खड्डा माझा, आणि तो पलीकडचा पण माझा.’

तिच्या आईबद्दल ती माझ्याशी एकदाच बोलली होती. करोनात विमानं बंद होती तेव्हा आई तिकडे वारली, हॉस्पिटलमध्ये, एकटीच. भावालाही आत सोडलं नाही. नयना इथे दोह्यात फ्लॅटवर होती. भावाचा फोन आला, तिने तो ऐकला आणि मग उघडी असलेली ड्रॉइंग्ज पूर्ण करून पाठवून दिली, कारण दुसरं काय करायचं तिला सुचेना. एवढंच तिने सांगितलं.

त्या वर्षी आमच्या मॅनेजरने – लेबनीज होता, भला माणूस – वसंतातच सगळ्यांना सांगून टाकलं की नंतर रजा मिळणार नाही. ‘यल्ला, चला, जायचं तर आत्ता जा.’ माझ्या नवऱ्याच्या प्लांटचं शटडाउन चालू होतं, मुलीची परीक्षा. नयनाच म्हणाली, चल ना, आपण दोघी व्हिएन्नाला जाऊ, म्युझियम्स बघू. तिला चित्रांची आवड होती. मला म्हणाल तर चित्रातलं फार कळत नाही, पण वाळू आणि क्रेन बघून डोळे थकले होते. नवऱ्याने स्वतःच तिकिटं काढली. नयनाला म्हणाला, ‘हिला सांभाळा हो, ही सरळ रस्त्यावर पण चुकते.’

पहिला दिवस फार छान गेला, हे मुद्दाम सांगते. मनात काही दुःख घेऊन आम्ही फिरत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथल्या एका मोठ्या चित्रसंग्रहालयात गेलो. उंच छत, संगमरवरी जिने, आणि प्रत्येक दालनाच्या मध्यभागी बसायला मखमली बाक. तिथे गळ्यात अडकवायचा ऑडिओ गाइड मिळतो. चित्राशेजारचा नंबर दाबायचा, यंत्र कानाला लावायचं, की माहिती ऐकू येते. आम्ही दोघींनी इंग्रजी घेतला. माझ्या यंत्रातला आवाज एका पुरुषाचा होता. शांत, जरा कंटाळलेला.

एका दालनात मासळीबाजाराचं प्रचंड चित्र होतं. फळीवर मासे रचलेले, खेकडे, कालवं, एक कासवसुद्धा. मी शाकाहारी. नयनाला मात्र एकदम माहेरी आल्यासारखं झालं. हा हलवा दिसतोय, ही बहुतेक सुरमई, आणि ह्याला आमच्याकडे कोणी हात लावणार नाही, असं करत तिने मला सगळी फळी फिरवून आणली. मग पाय दुखतायत म्हणून ती बाकावर जाऊन बसली. मी एकटीच चित्रासमोर उभी राहिले आणि नंबर दाबला.

तो पुरुष बोलायला लागला. चित्रकाराने खवल्यांवरचा ओला उजेड कसा पकडलाय, असं काहीतरी. आणि वाक्याच्या मध्येच तो थांबला. खरखर नाही, काही नाही. स्वच्छ शांतता. मग माझ्या कानात एक बाई बोलली.

‘तिका सांग, मी भियाक नाय. कळला मां? कळला मां?’

आणि त्यानंतर तो पुरुष पुन्हा सुरू झाला, खवल्यांवर, जणू मध्ये काही झालंच नाही.

मला भीती वगैरे काही वाटली नाही. मला वाटलं नयना मागून येऊन माझी चेष्टा करतेय. मी हसतच वळले. ती दालनाच्या पार त्या टोकाला होती. एक बूट काढून तळवा चोळत होती आणि तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. जवळपास एक जपानी जोडपं होतं आणि दाराशी खुर्चीवर बसलेली म्युझियमची बाई. बाकी कोणी नाही.

मी पुन्हा तोच नंबर दाबला. सगळं पहिल्यापासून ऐकलं. फक्त तो पुरुष.

मग मी जाऊन नयनाशेजारी बसले आणि अगदी सहज म्हटलं, ‘अगं, या यंत्रात काहीतरी मिक्सिंग होतंय. कोणीतरी बाई तुमच्याकडचं काहीतरी बोलली.’ ती म्हणाली, काय? मी जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं. ‘भियाक’ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, मी नुसता आवाज काढला. शेवटचं ‘कळला मां’ मी दोनदा म्हटलं, कारण तिने दोनदा म्हटलं होतं.

नयनाच्या हातातला बूट तसाच राहिला. ‘परत म्हण,’ ती म्हणाली. मी परत म्हटलं. मग तिने बूट घातला, नाडी नीट बांधली, उठून त्या चित्रासमोर गेली आणि माझं यंत्र मागितलं. नंबर दाबला, संपेपर्यंत ऐकलं, पुन्हा दाबला. मी बाकावरून तिची पाठ बघत होते. मागे शाळेची मुलं येऊन उभी राहिली, त्यांच्या बाईंनी खाकरून पाहिलं, तरी ती हलली नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत आम्ही दोघी आपापल्या पलंगावर बसलो होतो. खिडकीत अजून लख्ख ऊन होतं. तिने फोन काढला. तिच्या व्हॉट्सअॅपवर घरच्या बायकांचे जुने व्हॉइस मेसेज होते... मावशी, काकू, आई. आई गेल्यापासून तिने ते उघडलेच नव्हते, काही तर तेव्हाही ऐकायचे राहून गेले होते. तिने स्क्रीन माझ्यापासून फिरवली आणि म्हणाली, ‘मी लावते. कोण आहे ते सांगणार नाही. तू ऐकलेला आवाज आला की सांग.’

पहिली बाई कोणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होती. मी मान हलवली, ही नाही. दुसरी हळू आवाजात काही विचारत होती. तीही नाही. तिसरीने तोंड उघडलं मात्र, मी पुढे सरकले. जरासा बसका आवाज, बोलताना हातात काहीतरी काम चालू असावं तसा. विहिरीचा पंप दुरुस्त झाला, आता पाणी येतं, असं काहीतरी सांगत होती. शेवटी, ‘कळला मां? कळला मां?’

‘ही,’ मी म्हटलं.

नयनाने फोन पालथा ठेवला.

मी उठून तिच्याजवळ बसले. ‘तिका’ म्हणजे ‘तिला’ आणि ‘भियाक नाय’ म्हणजे ‘घाबरले नाही’, हे तोवर तिने मला सांगितलं होतं. मला खरंच वाटलं की तिच्या पदरात काहीतरी चांगलं पडलंय. काय असेल, कसं असेल ते असो, पण एवढं ओझं घेऊन फिरणाऱ्या पोरीला निरोप तर मिळाला. मी तिचा हात धरून म्हटलं, ‘नयना, घाबरल्या नव्हत्या गं त्या.’

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

‘आई घाबरली की हेच म्हणायची,’ ती म्हणाली. ‘वीज कडाडली की आम्हा दोघांना कुशीत घेऊन हेच. बाबा गेले त्या दिवशी दारात बसून हेच. खरंच भीती नसेल तेव्हा कोण कशाला सांगेल?’

मग ती म्हणाली, ‘आणि तुला का सांगितलं? मी तिथेच होते ना.’

पुढचे दोन दिवस मी कधी विसरणार नाही. आमची ठरलेली सगळी म्युझियम्स आम्ही पाहिली, म्हणजे मी पाहिली. नयना प्रत्येक ठिकाणी ऑडिओ गाइड घ्यायची आणि नंबरमागून नंबर दाबत जायची. चित्राकडे, मूर्तीकडे मान वर करून बघायचीही नाही. राजाराण्यांचे दागिने, जुनी वाद्यं, चिलखतं... तिचे डोळे जमिनीवर आणि कान त्या यंत्रात. एका ठिकाणी, जुन्या वाद्यांच्या दालनात, मी तिच्या मागे उभी होते. तिने नंबर दाबला, आतला आवाज संपला, तरी ती ते कानाला धरूनच होती. मग फार हळू, मी तिच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या भाषेत ती म्हणाली, ‘बोल गो आये. मी हय आसंय.’

‘मी इथे आहे’ एवढं मला कळलं आणि मी तिथून मागच्या मागे सरकले. ते माझ्यासाठी नव्हतं.

शेवटच्या दिवशी घड्याळांचं एक लहानसं म्युझियम पाहायचं होतं, तिनेच कधीचं हेरून ठेवलेलं. दारात कळलं की तिथे ऑडिओ गाइड नाही. ती म्हणाली, तू जा, मी बाहेर थांबते. मीही गेले नाही.

परत आलो, आणि उन्हाळा सरेपर्यंत दोह्याचा रंग बदलून गेला. खांबाखांबावर झेंडे, खोदलेले रस्ते रातोरात गुळगुळीत, समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्यावर रोषणाईच्या तारा. ऑफिसात ज्याच्यात्याच्या तोंडी मॅचची तिकिटं. नयना काम करायची, दोन घास खायची, खिडकीपाशी बसायची, पण खड्डे दाखवायची नाही. खड्डे राहिलेही नव्हते म्हणा. तिचं काम संपत आलं होतं. कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही हे तिला कळलं तेव्हा ती फक्त ‘खलास’ म्हणाली.

जायच्या आधीच्या शुक्रवारी तिने मला दोह्यातल्या एका म्युझियमला बोलावलं. जुनी मातीची भांडी, हस्तलिखितं, गालिचे. काउंटरवरून तिने एकच ऑडिओ गाइड घेतला आणि तो माझ्या गळ्यात घातला.

‘तूच ऐक,’ ती म्हणाली. ‘तुला ऐकू येतं.’

मी ऐकलं. प्रत्येक काचेसमोर उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. ती माझ्यासमोर उभी राहून माझा चेहरा बघत होती, डॉक्टर रिपोर्ट वाचताना आपण बघतो ना, तशी. एका निळ्या वाडग्यापाशी मला अगदी ओठांवर आलं होतं की म्हणावं, हो, आत्ता ऐकलं, तुझी चौकशी केली, म्हणाल्या सुखी राहा. कोणाचं काय बिघडलं असतं? पण तिने आईचा आवाज जपून ठेवला होता, त्यात माझा कसा मिसळू? मी प्रत्येक वेळी मान हलवली. नाही. नाही.

सगळी दालनं संपली तेव्हा तिने यंत्र माझ्या गळ्यातून काढलं. पट्टा माझ्या केसांत अडकला होता, तो तिने न ओढता हळूच सोडवला. बाहेर आल्यावर आम्ही पाण्याच्या कडेला कठड्यावर बसलो. वारा गरम होता. तिथे पहिल्यांदा ती रडली.

स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच ती भारतात परतली.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो हसला नाही. त्याने बरंच डोकं लावलं. यंत्राचे चॅनल, जवळच्या कोणाचा फोन, कधीतरी ऑफिसात मी नयनाला भावाशी मालवणीत बोलताना नकळत ऐकलं असेल आणि ते मनात राहिलं असेल. हे शेवटचं मलाही पटण्यासारखं होतं. पण मी जो मेसेज ओळखला तो नयनाने स्वतःही आधी ऐकलेला नव्हता, आणि ‘तिका’ म्हणणारी बाई माझ्याशी बोलत होती, हे कशात बसवायचं? मुलगी फक्त एवढंच म्हणते, ‘आई, आर यू शुअर?’ हो, मी शुअर आहे. कशाबद्दल शुअर आहे ते मात्र सांगता येत नाही.

नयना आता कुडाळला असते, नोकरी तिथेच बघितली. आमचे फोन होतात. हवापाणी, भावाची मुलं, इथलं ऑफिस. त्या गोष्टीचा विषय आम्ही दोघीही काढत नव्हतो. गेल्या महिन्यात मात्र बोलता बोलता ती मध्येच थांबली आणि तिने विचारलं, ‘आवाज दमलेला होता का गं?’

मी घाई केली नाही. आठवून पाहिलं. खरं तेच सांगायचं होतं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘शेजारच्या खोलीत काम करताना कोणी हाक मारावी ना, तसा होता.’



‘मग ठीक,’ ती म्हणाली, आणि पुन्हा भावाच्या मुलांबद्दल बोलायला लागली.