काळ्याचा गृहप्रवेश

चहा घ्या आधी. मग माझी अक्कल किती ते सांगते, म्हणजे ठसका तरी लागणार नाही.

माझ्या मामाने जुळे सोलापुरात नवीन घर घेतलं. वास्तुशांत ठरली. अशोक चौकातल्या जुन्या घरातून सामान निघालं आणि प्रश्न आला माशांच्या टाकीचा. टाकीत आठ सोनेरी मासे आणि एक काळा. का? कारण कुणीतरी मामीला सांगितलं होतं, घरावर येणारं संकट काळा मासा अंगावर घेतो. म्हणजे बघा, आपण सोफ्यावर लोळायचं आणि संकटं एका बोटभर प्राण्याने झेलायची. काय पण न्याय!

मामी म्हणाली, "काळ्याला कायबी झालं तर मी त्या घरात पाऊल टाकनार न्हाय. आधीच सांगून ठेवते."

ती बोलली की करते. मामाचा चेहरा पडला.

मी प्राणिशास्त्राची पदवीधर. मी म्हटलं, "मामी, अंधश्रद्धा बाजूला ठेव. मासे मी आणते. शास्त्रशुद्ध."

बाळूदादा, म्हणजे मामाचा मुलगा, जाळी घेऊन आला. मी ती हिसकावून घेतली. "जाळीत खवले निघतात, पर फाटतात. माणसं आहात की कोण?" टाकीतलं पाणी कमी केलं, वाडगा आडवा धरला आणि एकेकाला हळूच आत येऊ दिलं. मठ्ठ्यासाठी आणलेल्या दह्याच्या दोन पांढऱ्या बादल्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यातली एक धुऊन, टाकीचंच जुनं पाणी भरून त्यात मासे सोडले. झाकण सैल ठेवलं, वर ओला टॉवेल गुंडाळला आणि सगळ्यांना बजावलं, "झाकण कुणी उघडायचं नाही. एकदम उजेड दिसला की मासे बिथरतात."

मी हात धुवायला गेले. तेवढ्यात मामीने मठ्ठा दुसऱ्या बादलीत ओतला आणि गार राहावा म्हणून तिलाही ओला टॉवेल गुंडाळला. आपल्याकडे टॉवेलला काय तोटा?

रिक्षात मी बादली मांडीवर घेतली. रिक्षावाल्या काकांना म्हटलं, "हळू घ्या, आत जीव आहेत." दुसरी बादली भांड्यांबरोबर टेम्पोतून गेली.

नव्या घरात टाकी आधीच मांडून भरली होती. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरात साठवलेलंच असतं आणि त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. महापालिकेचा नाकर्तेपणा निदान माशांच्या तरी पथ्यावर पडतो.

आता पाहुण्यांना शिकवायची संधी मी सोडते काय? टाकीतून बारीक नळी बादलीच्या झाकणाखाली सोडली. नळीला गाठ मारली, म्हणजे थेंब थेंब पाणी पडणार.

"ह्ये सलाईन कुणाला लावलंय?" मामाने विचारलं.

"मासे एकदम नव्या पाण्यात टाकले की धक्का बसतो, मामा. त्यांना सवय करावी लागते. तासभर तरी."

"लई गप हायत गं," मामी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. तिचा जीव टांगणीला लागला होता.

"कारण मी नीट आणलेत. घाबरलेला मासा धडपडतो. हे बघ, हूं की चूं नाही."

कोथिंबिरीचा वास येत होता. खोटं कशाला बोलू, मला आला. मला वाटलं, दारापुढच्या जेवणाच्या मांडवातून येत असेल. आमच्या लोकांना गृहप्रवेश म्हणजे फक्त जेवण. विज्ञान समोर चाललंय, तर यांचं लक्ष पंगतीकडे.

पंगत बसली. बाळूदादा वाढायला निघाला. त्याने टेम्पोतून आलेल्या बादलीचा टॉवेल सोडला, झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि तसाच थांबला.

"आये, मठ्ठ्यात कायतर पोहतंय."

पहिल्याच पानावर सोवळं नेसलेले एक आजोबा होते. त्यांनी ओगराळ्यात डोकावून पाहिलं आणि पान पुढे सरकवलं. "वास्तुशांतीला मासे? आन तेबी जिते?"

मी माझ्या बादलीचं झाकण उघडलं. आत पातळ, पांढरा, हिरव्या मिरचीचे तुकडे तरंगणारा मठ्ठा. तासभर सलाईन लावलेला.

मामी मांडवाकडे धावली. तिने बादलीत हात घातला. काळा कल्ले हलवत तिच्या बोटांभोवती फिरत होता. तिने पदराने डोळे पुसले आणि उजवं पाऊल टाकून घरात आली. मी वाडगा घेऊन पुढे झाले.

"तू लांब हुबी ऱ्हा," ती म्हणाली. मासे तिने स्वतः टाकीत सोडले. सवयबिवय काही न लावता. नऊच्या नऊ मजेत.

टाकीपाशी गर्दी जमली. सोवळ्यातल्या आजोबांनी मामाला विचारलं, "लई नीट आणले की मासे. कुणी आणले?"

"मासे टेम्पोतनं आले आपले आपण," मामा म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही माझी भाची. शिकलेली हाय. हिनं मठ्ठा आणला."