कापलेली कड

डोंबिवलीच्या वैद्यकाकांकडे पहिल्यांदा येणाऱ्याला पाण्याच्या आधी एक कबुली मिळायची. बाहेरच्या खोलीत एक चित्र होतं, मांडीवर पिवळं मडकं घेऊन बसलेल्या निळ्या बाईचं. काका पाहुण्याला त्याच्यासमोर उभं करून म्हणत, "याची कड मी कापून घेतलीय. मूर्खपणा माझा." पाहुणा बिचारा बाईचं नाक शोधत असायचा. कडेकडे कोण बघतंय?

ऐंशी सालानंतर ठाण्याच्या कंपनीनं काकांना यंत्रं बसवायला मेक्सिकोला पाठवलं होतं. बाकीचे लोक परदेशातून टू-इन-वन आणत, काकांनी हे चित्र आणलं. तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेषा कोरायच्या, खाचांत रंग भरायचे आणि ओल्या कागदावर दाबून छापायचं, असं ते काम. प्रती मोजक्याच निघतात आणि खालच्या पांढऱ्या कडेवर चित्रकार पेन्सिलीनं सही करतो. पण आपल्याकडे कॅलेंडरवरचा दत्त फ्रेम करायचा तर खालची पट्टी दुकानाच्या जाहिरातीसकट कापूनच टाकतात. काकांनी स्टेशनजवळच्या शांताराम फ्रेमवाल्याला तसंच सांगितलं. "सर, खाली काहीतरी लिवलंय," शांतारामनं विचारलं होतं. "उडवा ते," काका म्हणाले.

सहीचं मोल त्यांना पुढे कळलं आणि मग ते त्या चित्रकाराच्या नादीच लागले. तिकडच्या एका ओळखीच्या इंजिनिअरकरवी त्याची चित्रं मागवत राहिले. ती सगळी अखंड, पातळ कागदात गुंडाळून दिवाणाच्या खणात. दाखवताना म्हणायचे, "आधी हात पुसा, मग डोळे उघडा." निळ्या बाईचा विषय निघाला की काकू पाहुण्यांना हळूच सांगायच्या, "अहो, फ्रेमवाल्यानं कापलं ते." काका तिथल्या तिथे दुरुस्त करत, "त्याला कशाला मध्ये आणतेस? मी सांगितलं म्हणून त्यानं कापलं." शेजारी म्हणून मी हे कितीतरी वेळा ऐकलं. त्यांचा हा खरेपणा मला आवडायचा आणि कधीकधी त्याचा कंटाळाही यायचा.

काही वर्षांनी तो चित्रकार प्रदर्शनासाठी मुंबईत आला. काका निळी बाई चादरीत गुंडाळून निघाले, सोबत मला घेतलं. "मला सही नकोय रे," ते म्हणाले. "फक्त माफी मागायचीय." त्यासाठी एक स्पॅनिश वाक्य त्यांनी आठवडाभर घोकलं होतं.

म्हाताऱ्या चित्रकारानं चित्र हातात घेतलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि काहीतरी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "हे कुणी केलं, असं विचारतायत." काकांनी तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य आलंच नाही. आलं ते मराठीत, "फ्रेमवाल्यानं."

मुलीनं ते सांगितलं. चित्रकारानं मान हलवली आणि काकांच्या खांद्यावर सांत्वनाचा हात ठेवला. मला कुठे बघावं कळेना. मी चादरीची घडी घालत बसलो.

परतताना काका एवढंच म्हणाले, "माझी कीव केली त्यांनी. माझी." घरी आल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. चित्र भिंतीवर परत चढलंच नाही. पाहुण्यांना कबुली मिळेनाशी झाली. आणि शांतारामचं दुकान टाळायला काका लांबच्या रस्त्यानं स्टेशनला जाऊ लागले. "एकदा भेटून मोकळे व्हा ना," मी म्हणायचो. "काय सांगू त्याला?" ते म्हणायचे. "त्याला माहीतही नाही मी काय केलंय ते." माणूस तोंड लपवत किती वर्षं चालू शकतो, ते मी त्यांच्याकडे पाहून शिकलो. ते तसे चालत राहिले ते जाईपर्यंत.

तेराव्याला हार घालायला काकांचा फोटो फ्रेम करायचा होता. तो मीच शांतारामकडे टाकून आलो होतो. तेराव्याच्या सकाळी शांताराम स्वतःच तो घेऊन आला, पैसे घेईना. फोटोभोवती त्यानं चांगली चार बोटं पांढरी कड सोडली होती.

"सरांना कापलेलं आवडायचं नाय," तो म्हणाला. मग काकूंकडे न बघता म्हणाला, "ते चित्र मी कापलं म्हणून रागावलेले ना माझ्यावर? दुकानावरून जायचंच सोडलेलं त्यांनी. माझीच चूक होती ती."

इतकी वर्षं प्रत्येकाला फ्रेमवाल्याचं नाव सांगणाऱ्या काकू उठल्या. त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"रागावले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती त्यांना. बसा, काय झालं ते मी सांगते."