चूल कधी वेगळी झाली?

आमच्या ह्यांची वकिली कोर्टात जेवढी चालली, तेवढीच माझ्या स्वयंपाकघरात चालली. कोपरगावच्या कोर्टात उद्या कुणाची उलटतपासणी असली, की आदल्या संध्याकाळी हे पाट ओढून चुलीसमोर बसायचे आणि मला साक्षीदार करायचे. "तर तुम्ही त्या वेळी विहिरीवर होता म्हणता?" भाकरी थापता थापता मी कधी पाटील व्हायची, कधी तलाठी, एकदा तर चोरीचा बैल घेणारा व्यापारीसुद्धा! भाकरी करपली तर दोष मात्र माझा. पण खरं सांगते, मला ते फार आवडायचं. माझं उत्तर जरा घसरलं, की हे पुढचा प्रश्न असा टाकायचे की माझी बोबडीच वळायची.

बेचाळीस साली हे तुरुंगात गेले, सुटून आले आणि सेहेचाळीसला निवडून आले. गाव हरखून गेलं. मीही हरखले, नाही कशाला म्हणू? मग मुंबईहून तार आली. मंत्रिमंडळात घेतलं होतं, लगेच निघायचं होतं.

तार आली तेव्हा आमच्या ओट्यावर जवळच्या खेड्यातली एक तरुण विधवा बसलेली होती. पाटाच्या पाण्यावर भिजणारं तिचं वावर दिरानं बळकावलं होतं. तो म्हणे, आम्ही भाऊ एकत्रच होतो, भावामागं सगळं माझं. ही म्हणे, नवरा जिवंत असतानाच दोघं वेगळे झाले. वाटणीचा कागद नव्हता. अहो, शेतकऱ्याच्या घरात कागद करतो कोण? चूल वेगळी झाली की माणसं वेगळी. हे कोर्टाला पटलं तर वावर तिचं, नाहीतर जन्मभर दिराच्या दारात राबायचं. तिची साक्ष अगदी तोंडावर आलेली, आणि मंत्र्याला काही वकिली करता येत नाही.

"वकीलसाहेब, तुमी गेला म्हंजी माझं वावर गेलंच म्हना," ती म्हणाली.

हार घेऊन माणसं यायला लागली तशी ती उठून आत माझ्याकडे आली. "वैनी, मग येक करा. साहेब आता मंत्री झालं. जज्जाला येवढा येक सबूद सांगू द्या त्यांना."

मला तर ते लगेच पटलं. मी ह्यांना आत बोलावून सांगितलं. हे केवढ्यानं कडाडले! "पुन्हा असलं तोंडातून काढू नकोस."

माझाही तिळपापड झाला. "मग तिला कुणाच्या भरवशावर सोडून चाललात?" मी विचारलं. बाहेर हारवाल्यांना ऐकू गेलं असेल. जाऊ दे ऐकू.

हे टोपी घालून तसेच निघाले आणि गेले कुठं, तर पलीकडच्या आळीतल्या वकिलांकडे! त्यांच्याशी ह्यांचं कोर्टाबाहेर वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. आम्ही बायका हळदीकुंकवालासुद्धा एकमेकींकडे लपून जायचो. त्या माणसाला हे हाताला धरून घेऊन आले, बाईचा खटला त्यांच्याकडे सोपवला आणि थेट माझ्या चुलीपुढं बसवलं. माझ्या जागेवर, साक्षीदार म्हणून, त्या बाईला बसवलं. हे स्वतः दिराचे वकील झाले.

"चूल कधी वेगळी झाली?"

बाई रडायलाच लागली. "मला तारीक कुठं ठावं हाय?"

"तारीख नको. आठवतंय ते सांग."

ती डोळे पुसून माझ्या चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी नवी चूल घातली. पन पयला इस्तू घरचाच पायजे म्हनून सासूनं जुन्या चुलीतला इस्तू खापरीत घालून दिला. म्हातारी लई रडली हुती."

दोन्ही वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. "हेच सांग," हे म्हणाले. "आणि माझं नाव मात्र कोर्टात घेऊ नकोस. जज्जांवर माझं वजन पडता कामा नये." दुसऱ्या दिवशी हे गाडीत बसले.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. लोक बघत होते, बघेनात का! विस्तवाची हकिगत बाईनं न अडखळता सांगितली. दिराच्या वकिलाचं तोंड उतरलं. मग तो हसत म्हणाला, "हे मंत्रिसाहेबांनी पढवलं ना? तुमच्या पाठीशी मंत्री आहेत, खरं ना?"

बाईनं पदर सारखा केला.

"मंत्र्याला मी वळकत न्हाई," ती म्हणाली. "माझं येक वकील हुतं. ते मंत्री झालं आन् मला सोडून गेलं."

दिराचा वकील खाली बसला. पुढं निकाल लागला आणि वावर तिला मिळालं. पलीकडच्या वकिलांनी आमच्या घरी येऊन पेढे ठेवले.

मी मुंबईला गेले ती ते पेढे घेऊनच. बंगला मोठा होता, स्वयंपाकाला आचारी होता, आणि हे फायलींत बुडालेले. त्यांनी मंत्रिपदावर लोकांचं पुष्कळ भलं केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तेव्हा नुकतेच मंत्री झाले होते आणि चेहरा अगदी ओढलेला दिसत होता. निकाल ऐकून लहान मुलासारखे खूश झाले. पेढा तोंडात टाकला.

"आणि उलटतपासणीत काय म्हणाली?"

तिचं ते उत्तर त्यांना सांगायचं नाही असं मी गाडीत ठरवलं होतं. पण त्यांनी विचारलं ते थेट चुलीसमोर बसून विचारायचे तसं, आणि अशा वेळी त्यांच्यापुढं खोटं बोलायची मला सवयच नव्हती. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

ह्यांनी हातातली फाईल मिटली.

"खरंच असं म्हणाली ती?"

"शपथेवर म्हणाली," मी म्हटलं.

मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही.