खिडकीतला आमसुलाचा पेला

सुनेने पित्तावर म्हणून आमसुलं भिजत घातली, की त्या आंबूस वासाने मी लालबागच्या आमच्या जुन्या खोलीत जातो. बाबा पोट दाबत मोरीपाशी बसले होते. पित्ताच्या गोळ्या चघळूनही जळजळ थांबेना, म्हणून आईने त्यांना आमसुलाचं पाणी करून दिलं होतं. एकाएकी त्यांना उलटी झाली, काळपट लाल.

“अहो, आमसूलच पडलं सगळं,” आई तांब्याने त्यावर पाणी ओतत म्हणाली. “पित्त निघालं. आता बरं वाटेल हां तुम्हाला.”

आम्हालाही हायसं वाटलं. बाबा भिंतीला टेकून नुसते हसले.

खिडकीतल्या पेल्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. आता मला तोच आधी दिसतो. तो काठोकाठ भरलेला होता. बाबांनी तो तोंडालाही लावला नव्हता.